गळवाल्यांची ना-हरकत

मंडळी, आधी चहाचा एक घोट घ्या, कारण मी एकदा सुरू झालो की कप हातातच गार होतो. आयुष्यात घोटाळे मी पुष्कळ केलेत. कराडला असताना एका लग्नाचा आहेर भलत्याच मांडवात देऊन, वर पोटभर जेवूनही आलोय. पण स्वतःच भरवलेल्या मेळाव्याला स्वतःच लेखी विरोध करणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल, तर नीट बघून घ्या. साखरेचा डबा त्याच्याच हाताशी आहे.

त्याचं असं झालं, की मी नेदरलँड्सला आलो तो बायकोच्या मागे. मनीषा फेल्डहोवनला चिपांच्या कारखान्यात इंजिनियर. माझ्या व्हिसावर शिक्का काय, तर 'डिपेंडंट'! पंचवीस वर्षं कराडच्या मंडईशेजारी मसाल्याचं दुकान चालवलेला माणूस, आणि कागदावर अवलंबून! वर्षभर पोळ्या लाटल्या, सायकलवरून पडलो, आणि मग दिलं एक दुकान टाकून. हळद, हिंग, मेथी, पोहे. जे येतं तेच करावं माणसानं.

दुकानात एक उंचच उंच म्हातारा यायचा. खेरित त्याचं नाव, निवृत्त ट्रक ड्रायव्हर. दर आठवड्याला दोन किलो बेसन, मेथीची पूड आणि हिंगाच्या चार डब्या. मला वाटलं, काय खवय्या आहे! एकदा न राहवून विचारलं, "घरी एवढं खातं कोण?"

"घरी कोणी नाही," तो म्हणाला. "मासे खातात."

हा गळ टाकणारा निघाला! बेसन, अंडी, मेथी, हिंग एकत्र मळायचं, गोळे वळायचे, उकडायचे आणि कार्प माशाला खाऊ घालायचे. अहो, म्हणजे आपली मुटकीच की! मी म्हटलं, सरक बाजूला. गूळ घातला, हातावर चोळून ओवा घातला. पुढच्याच शनिवारी खेरितच्या गळाला पंधरा किलोचा मासा लागला, आणि माझी मुटकी पार नदीच्या मुखापर्यंत पोचली. मनीषा म्हणाली, "अहो, माझ्या आमटीत कधी एवढ्या प्रेमानं हिंग पडला नाही तो!"

कार्प नावं ठेवत नाही, एवढाच फरक.

तो पंधरा किलोचा मासा खेरितनं काय केला असेल? गादीवर ठेवला, मोजला, ओठाला मलम लावलं आणि अलगद पाण्यात सोडला. मी काठावर उभा होतो. डोळ्यांदेखत शंभर माणसांचा रस्सा पोहत निघून गेला!

तर अशी ही माणसं. आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर मास नदी समुद्राकडे जाताना फुटते, पसरते, तिच्या खाड्या-ओढे होतात. त्यातल्या एका खाडीच्या काठावर खेरितचा क्लब. प्रत्येकाची जागा ठरलेली. खेरितची जागा चाळीस वर्षांपासून एका वाकड्या विलोच्या झाडाखाली. बायको गेल्यापासून तर तो आठवड्यातले पाच दिवस तिथेच. मी मुटकी पोचवायला जायचो आणि तासभर बसायचो. बोलणं काही नाही. डच लोकांच्या तोंडात 'व'चा 'फ' होतो, त्यामुळे मी तिथे वसंत नाही, फसंत. नाव त्यांनी आधी ठेवलं, मी ते नंतर सार्थ केलं.

आणि एक दिवस खबर आली, की नवा पाणी कायदा येतोय. उन्हाळे कोरडे जायला लागलेत, म्हणून गोडं पाणी अडवायचं. त्यासाठी लहान खाड्यांच्या तोंडाला लोखंडी दरवाजे. समुद्राकडून येणारा मासा बाहेर, आतलं पाणी हौदासारखं, आणि काठाला कुंपण. यादीत आमची खाडी होती. लोकांना हरकत असेल तर पाणी खात्याच्या कार्यालयात कळवावी, मुदत शुक्रवार संध्याकाळी पाच.

"मग?" मी खेरितला विचारलं. "काय करणार तुम्ही?"

तो गळाच्या दोरीवर तरंगणाऱ्या बोंडाकडे बघत म्हणाला, "वाईट आहे."

"वाईट आहे ते झालं. करणार काय?"

"हळू बोल. मासा आहे."

आता मला सांगा, या माणसांना उठवणार कोण? मुळात माणसांपासून दूर जायचं म्हणून जो माणूस गळ टाकून बसतो, त्याला मोर्च्यात आणणं म्हणजे मांजराला भजनाला बसवण्यासारखं. पण मी व्यापारी माणूस. सगळ्या काठावर माझी रोजची फेरी. म्हटलं, हे काम आपलं! एक, प्रत्येकाची हरकत लिहून घ्यायची. दोन, शनिवारी बांधावर जंगी मेळावा घ्यायचा, वर्तमानपत्रवाले बोलवायचे.

"मेळाव्याला परवानगी?" मी खेरितला विचारलं.

"नगरपालिकेला एक ओळ कळवायची."

"आणि एनओसी?"

"ते काय असतं?"

आता बघा, इथे माझा पाय घसरला. मी कराडला दुकानाची पाटी एक फूट सरकवली होती, तर शेजारच्याची, मागच्याची आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांची ना-हरकत लागली होती. ज्या कामाला एनओसी लागत नाही ते काम खरं, यावर माझा विश्वास कसा बसावा? म्हटलं, आज मागत नाहीत, ऐन शनिवारी मागतील. आपण तयार असावं!

"काठावर बसणाऱ्या सगळ्यांकडून लिहून घेतो, की मेळाव्याला त्यांची हरकत नाही," मी म्हणालो.

खेरितनं पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. "पण मेळाव्याला येणार तेच ना?"

"हो."

"मग जे येणार आहेत, त्यांची येण्याला हरकत नाही, हे लिहून घ्यायचं?"

"हो! म्हणजे कुणी बोट ठेवायला नको."

तो पुन्हा पाण्याकडे वळला. मी त्याला सहमती समजलो.

डचमध्ये हरकतीला म्हणतात 'बेझ्वार'. आपल्या 'बेजार'चा सख्खा भाऊच म्हणा. हरकत नाही म्हणजे 'खेन बेझ्वार'. पहिल्या दिवशी मी चांगला पानभर मजकूर घेऊन गेलो. यान नावाच्या जाड्या गृहस्थापुढे धरला.

"सही हवी होती."

"मासा गेला की करतो."

"मासा कधी जाणार?"

"संध्याकाळी."

दिवसभरात तीन सह्या! मग मी डोकं लढवलं. या लोकांचा एकच हात मोकळा असतो आणि डोळा तर एकही नाही. पानभर वाचणार कोण? कागदाचे चार चार तुकडे केले. एका चिठ्ठीवर एकच ओळ, 'माझी हरकत आहे.' दुसऱ्या चिठ्ठीवर, 'माझी हरकत नाही.' खाली नाव, सही. कशाला हरकत, ते वरच्या पत्रात एकदाच लिहायचं. एक पत्र पाणी खात्याला, एक नगरपालिकेला.

मनीषानं चिठ्ठ्या पाहिल्या. "अहो, यावर विषय कुठाय?"

"वरच्या पत्रात."

"आणि पत्र सुटलं तर?"

"रबर लावलाय ना!"

"दोन्ही चिठ्ठ्या पांढऱ्याच?"

"तू चिपा बघ तुझ्या. हा जनसंपर्क आहे."

चार दिवसांत एकशे त्रेसष्ट गळवाल्यांच्या दोन दोन सह्या झाल्या. शेवटची माझी. सोमवारी सकाळी काउंटरवर दोन गठ्ठे, दोन पत्रं, दोन लिफाफे मांडले. तेवढ्यात एक बाई राजगिऱ्याचं पीठ मागायला आल्या. राजगिरा वरच्या फळीवर. मी स्टुलावर चढलो, उतरलो, पीठ सांडलं, गठ्ठे उचलून काउंटर पुसला, गठ्ठे परत ठेवले, रबर लावले. स्वतः जाऊन दोन्ही लिफाफे दोन्हीकडे टाकून आलो. येताना शीळ वाजवत होतो, काय सांगू!

बुधवारी नगरपालिकेतून फोन आला. एक अतिशय गोड आवाजाची बाई.

"महाशय, शनिवारच्या तुमच्या मेळाव्याबद्दल. आम्हाला जरा थांबावं लागतंय. विरोध फार आलाय."

"विरोध? आमच्या मेळाव्याला?" मी तापलो. "कुणाचा?"

"एकशे त्रेसष्ट लोकांचा."

"कोण आहेत हे नतद्रष्ट? नावं सांगा!"

"तशी नावं सांगता येत नाहीत," ती म्हणाली. मग कागदाची सळसळ झाली. "पण शेवटचं नाव... महाशय, हे तुमचंच आहे."

पहिल्यांदा मनात आलं, माझ्या नावावर कुणीतरी खोटी सही केली! सांगितलंही तिला तसं. ती म्हणाली, "सहीशेजारी पिवळा डाग आहे. वास हळदीचा येतोय."

मी घाईनं फोन ठेवला. कारण नगरपालिकेला जर हरकती गेल्या, तर ना-हरकती कुठे गेल्या? मोबाईल उघडला. पाणी खात्याचं पत्र येऊन पडलं होतं. नव्या कायद्याला गळ टाकणाऱ्या बांधवांनी इतका एकमुखी पाठिंबा दिल्याबद्दल खातं मनापासून आभारी आहे!

लगेच फोन लावला. तिकडचे साहेब शांतपणे म्हणाले, "ज्याची सही, त्यानं स्वतः येऊन बदलावी. शुक्रवारी पाचपर्यंत. सगळ्यांच्या वतीनं कुणा एकाला बदलता येणार नाही. विशेषतः तुम्हाला."

गुरुवारी सकाळी व्हॅन काढली. सरळ विलोच्या झाडाखाली. खेरित पाठमोरा बसलेला.

"खेरित, एक सांगायचंय."

"हळू."

मी हळूच सांगितलं. "सरकारदरबारी नोंद झालीय, की तुझी कायद्याला हरकत नाही."

नेमकं तेव्हाच बोंड बुडालं. दोरी ताणली गेली. मासा मोठा असणार, काठी कमानीसारखी वाकली. खेरितनं तिकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"माझी?"

"सगळ्यांची."

"फसंत, किती जणांची?"

"मला धरून एकशे त्रेसष्ट."

तो उभा राहिला. मंडळी, हा माणूस एवढा उंच आहे, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं कळलं. इथले लोक शिव्या रोगांच्या देतात. पुढच्या दोन मिनिटांत मला पटकी झाली, टायफॉइड झाला, क्षय झाला, आणि एक असा रोग झाला की ज्याला मराठीत नाव नाही. मग तो वळला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून काठाच्या दिशेनं ओरडला. चाळीस वर्षांत त्या खाडीवर कुणी ओरडलं नव्हतं! पलीकडून यान ओरडला, त्याच्या पुढचा ओरडला. झाडाझाडाखालून माणसं उठायला लागली. खाडीतला मासा न् मासा त्या क्षणी समुद्रात पोचला असेल.

माझ्या चार दिवसांच्या विनवण्यांनी जे झालं नव्हतं, ते माझ्या एका चुकीनं दोन मिनिटांत झालं. कायद्याबद्दल ही माणसं 'वाईट आहे' म्हणून गप्प बसली होती. पण आपल्या नावानं कुणी परस्पर मान डोलावली? छे! डच माणूस एक वेळ घर बुडालेलं सहन करील, दुसऱ्यानं आपलं मत सांगितलेलं सहन करणार नाही.

शुक्रवारी दुपारी पाणी खात्याच्या त्या चकचकीत कार्यालयात गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली माणसं नंबराची चिठ्ठी घेऊन उभी. काही जण काठ्यांसह आलेले. सगळ्या इमारतीला हिंगाचा वास. स्वागतकक्षातली मुलगी खिडक्या उघडत फिरत होती. माणशी एक बिस्किट देऊन बशी रिकामी झाली.

मी दारात पेनांचा डबा घेऊन उभा. कुणीही माझ्याकडून पेन घेतलं नाही. एकानंसुद्धा नाही हो!

टेबलामागे एक उंच, चष्मेवाली अधिकारी बाई. खेरित पहिला.

"हरकत कायद्याला आहे ना?" तिनं विचारलं.

"आधी त्या माणसाला," खेरित माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "मग कायद्याला."

"दोन्ही एकाच अर्जात लिहिलंत तरी चालेल."

आणि लिहिलं त्यांनी! जे पठ्ठे एका ओळीपलीकडे वाचत नव्हते, त्यांनी तीन तीन पानं लिहिली. यान मला ऐकू जाईल अशा आवाजात शेजाऱ्याला डच स्पेलिंग विचारत होता, "बेजबाबदारमध्ये 'टी' एक की दोन?" खेरितनं मात्र मान खाली घालून बराच वेळ लिहिलं. शेवटी त्यानं त्या विलोच्या झाडाचं चित्र काढलं आणि फुली मारून लिहिलं, 'मी इथे असतो.' पाचाला तीन मिनिटं कमी असताना माझा नंबर लागला. मी माझीही ना-हरकत मागे घेतली. बाईंनी माझा कागद चार वेळा उलटसुलट करून पाहिला आणि मगच शिक्का मारला.

मेळावा अर्थातच झाला नाही. त्याची आता गरज कुणाला होती?

काही महिने गेले. खेरित दुकानात यायचा, बेसन घ्यायचा, बोलायचा नाही. मग एका रविवारी आमच्या घराची बेल वाजली. दारात खेरित, हातात पाणी खात्याचं पत्र. आत आला, खुर्चीवर बसला, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागला.

"मुद्दा पहिला. आपली खाडी दरवाज्यांच्या यादीतून तूर्त वगळण्यात आली आहे."

मी उडालोच! त्याला मिठी मारायला गेलो, तर त्यानं हात वर करून थांबवलं.

"मुद्दा दुसरा. मुटकी विकणाऱ्या गृहस्थाविषयीच्या आपल्या एकशे बासष्ट तक्रारी काळजीपूर्वक वाचल्या. त्या रास्त वाटतात. परंतु सदर गृहस्थावर या खात्याचं नियंत्रण नाही. कृपया सक्षम अधिकाऱ्याकडे दाद मागावी."

त्यानं चष्मा काढला, पत्राची नीट घडी घातली आणि मला विचारलं, "फसंत, हा सक्षम अधिकारी कुठे भेटेल?"

मी स्वयंपाकघराकडे बोट केलं. आतून मनीषाचा आवाज आला, "पाठवा त्यांना आत. आणि तुम्ही बाहेरच थांबा."