ताप उतरल्यावरचं एकटेपण

ताप उतरला, तरी मी आतल्या खोलीतून बाहेर पडलो नव्हतो. खिडकीखाली शेजाऱ्यांची आजारी मांजर कुंडीमागे अंग चोरून बसली होती. तिचं बरं होतं. हाक मारली तर ती आली नसती, आणि कुणी हाक मारली नाही म्हणून रुसलीही नसती. मी मात्र हाक मारली तर जात नव्हतो, आणि नाही मारली तर रुसत होतो.

बायको दारातून विचारायची, "मऊ भात आणू? मेतकूट घालून?"

"काही नको."

ती वळली की मी मनात म्हणायचो, बघा, एकदाच विचारलं! हॉलमध्ये मुलगी हसली की वाटायचं, माझ्यावाचून यांचं मस्त चाललंय.

डॉक्टरांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "रोगाशी झुंजताना शरीर मेंदूलाही निरोप धाडतं, की गप पडून राहा, कुणात मिसळू नको. ताप गेला तरी तो निरोप रेंगाळतो. फार दिवस असंच वाटलं, तर मात्र या."

म्हणजे ज्या थोर दुःखावर मी कविता रचायला घेतली होती, ते बरंचसं तापाचंच निघालं. पण कारण कळलं म्हणून खोली भरत नाही. एकटेपण तेवढंच राहिलं, फक्त त्याचा दोष कुणाच्या माथी मारता येईना.

संध्याकाळी बायको पावट्याच्या शेंगा घेऊन आत आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "तुमच्यासाठी नाही आले. बाहेर टीव्हीचा गोंगाट आहे."

बाहेर टीव्ही बंद होता. मी पाय आखडून घेतले आणि पलंगावर तिला जागा केली.