गाठीत नसलेली प्रथिनं

चाळीसगावला माझं कापडाचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी संडासातून रक्त पडायला लागलं. जळगावला दुर्बिणीतून तपासल्यावर मोठ्या आतड्यात गाठ निघाली आणि ऑपरेशन करावं लागलं. गिऱ्हाइकांना मी हर्निया सांगितला. कॅन्सर म्हणायला जीभ एक वेळ रेटली असती, पण कुठला, असं कुणी विचारलं तर? त्या प्रश्नाचीच मला लाज वाटायची.

टाके काढायला गेलो तोवर गाठीचा रिपोर्ट आला होता. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. ती शौचाबद्दल सरळ विचारायची आणि मी भिंतीकडे बघून उत्तर द्यायचो. तिने सांगितलं की पेशीतल्या चुका दुरुस्त करणारी काही प्रथिनं असतात, त्यातली दोन माझ्या गाठीत सापडली नाहीत. अशी गाठ लवकर काढली तर ती उलटण्याची भीती कमी असते, म्हणून केमो नको. बायकोने तिथेच हात जोडले.

"पण हे घराण्यातून आलेलं असू शकतं," डॉक्टर म्हणाली. "तुमची रक्ततपासणी करू. आणि भाऊ-बहिणींना दुर्बिणीची तपासणी करायला सांगा."

मला एकच थोरली बहीण, अक्का, धुळ्याजवळच्या खेड्यात दिलेली. लहानपणी आईच्या मागे तिनेच मला न्हाऊमाखू घातलेलं. तरी फोनवर हे बोलणं जमेना. शेवटी धुळ्याची गाडी धरली.

दाजी ओसरीत बसले होते, दोन शेजारी होते. चहा झाला, कापसाच्या गोष्टी झाल्या. अक्का मागच्या परसात मिरच्या निवडायला गेली तसा मीही गेलो. तिच्याकडे न बघता, हातातल्या मिरचीचं देठ मोडत, सगळं सांगून टाकलं. रक्त, गाठ, जागा.

अक्काने सूप खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली,

"माले बी रगत पडस रे भाऊ. कोनले सांगू?"

घरी सुना, जावई. दाजींनासुद्धा तिने कळू दिलं नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघू शकलो नाही. मी एवढंच म्हणालो की डॉक्टर बाई आहे, मी सोबत येतो.

तिचीही गाठ निघाली, आणि तिच्यातही तीच दोन प्रथिनं नव्हती. पण तिची जवळच्या ग्रंथींपर्यंत पोचली होती, त्यामुळे तिला केमो घ्यावी लागली. ती अंगाने अर्धी झाली, पण उठली. मागच्या खेपेची दुर्बिणीची तपासणी स्वच्छ आली.

परवा भाचीच्या हळदीला बाया पाटावर बसल्या होत्या. अक्का त्यांना मोठ्याने विचारत होती, कुणाला संडासात रक्त दिसतं का, दिसलं तर लपवू नका, माझ्या भावाला आणि मला दोघांनाही झालं होतं. साऱ्या बाया माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मी उठून मांडवाबाहेर गेलो.