नवव्या प्रकरणातलं एक वाक्य

बाळांनो,

मागच्या रविवारी थोरलीनं फोनवर मला विचारलं, "आजी, त्या बँडवरचं पातळ पुस्तक मी मागवलं, पण बाबा नेहमी सांगतात ते वाक्य त्यात नाहीच आहे. नववं प्रकरण मी दोनदा वाचलं. त्यांना सांगू का, की तुम्हाला चुकीचं आठवतंय?" मी तिला म्हटलं, आठवडाभर काही बोलू नकोस, मी सविस्तर लिहिते. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दोनदा कागद घेऊन बसले आणि उठून कपाट आवरलं. आज उठायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तुमच्या बाबांना चुकीचं आठवत नाही. त्यांनी जे ऐकलं ते त्यांना शब्दन् शब्द आठवतं. वाचून दाखवणारी मी होते.

हे नव्वदीच्या दशकाच्या शेवटचं. मी भोरला शाळेत इंग्रजी शिकवत होते. एसटी स्टँडजवळ भाईंचं कॅसेटचं दुकान होतं. भाई म्हणजे तेव्हा चाळिशीचा, अंगानं भरलेला, सदा घामाघूम माणूस. गावाला लग्नाची गाणी, भजनं, लावण्या भरून द्यायचे आणि स्वतः मात्र दिवसभर तो बँड ऐकायचे. बँडचं नाव तुम्हाला ठाऊक आहे, लिहीत नाही. इंग्रजी शब्द भाईंना कळत नव्हते. "बाई, गिटारला काय भाषा असती व्हय?" असं मलाच विचारायचे.

दुसरे भक्त विंझरच्या शाळेतले चित्रकलेचे सर. दर रविवारी दोन एसट्या बदलून भोरला यायचे. त्यांना आधी कॅसेटवरची चित्रं आवडली आणि मग गाणी. तिसरे तुमचे बाबा, पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. शनिवारी संध्याकाळी घरी यायचे ते बोटांनी ताटावर, खिडकीच्या गजावर, दिसेल त्यावर ताल धरतच.

पुण्याच्या फुटपाथवरून तुमच्या बाबांनी त्या बँडवरची दोन जुनी पुस्तकं आणली. एक जाडजूड, एका पत्रकारानं लिहिलेलं. दुसरं पातळ, बँडची गाडी चालवणाऱ्या आणि सामान उचलणाऱ्या माणसाचं. या दोन पुस्तकांनी दुकानात दोन पक्ष पडले.

"ज्यानं सामान उचललं त्याला सगळं दिसतं," भाई म्हणायचे. "पत्रकार काय, पुढल्या दारानं येनार, च्या पिऊन जानार."

"तुमचा ड्रायव्हर शिकलाय किती?" सर विचारायचे. "जाड्या पुस्तकात तारखा हायेत, पत्रं हायेत. म्या म्हणतो पुरावा दाखवा."

"पुरावा? अवो सर, तुमी घोडा काढला तर पोरं म्हैस म्हनत्यात. तुमी कुठला पुरावा बघनार?"

गंमत अशी, की दोघांनीही पुस्तकं वाचलेली नव्हती. भाईंना येत नव्हतं, आणि सरांना एका पानाला अर्धा दिवस लागायचा. तुमचे बाबा वाचून दाखवायला बसले, तर आवडत्या गाण्याचा उल्लेख आला की मध्येच थांबून कॅसेट लावायचे. तीन रविवारांत चार पानं झाली. शेवटी तिघांनी मला गळ घातली.

मी कामाला लागले की ते माझ्या पद्धतीनं होतं. आठवड्यात एक प्रकरण वाचायचं, त्याचं मराठी एका दोनशेपानी वहीत लिहायचं, समासात मूळ पानाचा आकडा घालायचा आणि रविवारी सकाळी दहाला दुकानात वाचायचं. एक नियमही मी केला. पुढचं प्रकरण आधी कुणी उघडायचं नाही. वाद व्हायचा तो सगळ्यांनी ऐकलेल्यावर. तिघांनीही तो मान्य केला आणि पाळला.

मला त्या गाण्यांत तेव्हा फारसा रस नव्हता. पण रविवारची मी वाट पाहू लागले होते. शाळेत मुलं माझं इंग्रजी परीक्षेपुरतं ऐकायची. दुकानात दोन मोठी माणसं एका दूरच्या गिटारवाल्यावरून चाललेल्या भांडणासाठी कानात प्राण आणून ऐकत.

त्या गिटारवाल्यानं बँडसाठी तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं होतं, एवढं आधी वाचून झालेल्या जाड पुस्तकात होतं. त्याला पुढे त्याचं काय वाटलं, हे तिथे नव्हतं. सरांचं म्हणणं, पस्तावला असणार. भाईंचं म्हणणं, शक्यच नाही. ड्रायव्हरच्या पुस्तकाचं नववं प्रकरण त्या गिटारवाल्यावरच होतं. तिथे काय येतं त्यावर सगळं ठरणार होतं.

आठवं प्रकरण झालं त्या रविवारी जेवताना तुमचे बाबा म्हणाले, "आई, मी कॉलेज सोडायचं म्हणतोय."

पुण्यातल्या चार मुलांनी बँड काढला होता. दिवाळीनंतर ते मुंबईला जाणार होते आणि यांना बरोबर घेणार होते. आजोबांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बाबाच पुढे म्हणाले, "अजून नक्की नाही. त्यानंही तिसऱ्याच वर्षाला सोडलं होतं ना. त्याला काय वाटलं ते एकदा कळू दे. पुढच्या रविवारी येईलच तुझ्या वहीत."

मी हसून म्हटलं, "म्हणजे तो गिटारवाला सांगेल ते ऐकणार, आई सांगेल ते नाही?"

"तू काय सांगणार ते मला माहीतच आहे," ते म्हणाले.

ते पुण्याला गेल्यावर आजोबा म्हणाले, "तूच सांग त्याला. माझं बोलणं तो ऐकून घेतो, तुझं ऐकतो."

बुधवारी शाळेतून आल्यावर मी नववं प्रकरण वाचायला घेतलं. गिटारवाला आणि ड्रायव्हर गाडीत सामान चढवत असतात. ड्रायव्हर विचारतो, कॉलेज सोडल्याची खंत वाटते का? तो सांगतो, "खंत एकच. तिथे एक वर्ष जास्त काढलं."

मी पुस्तक मिटलं. उठून पेन्सिलींना टोक केलं, सगळ्या सहाच्या सहा. नदीच्या पुलापर्यंत चालत गेले, वाटेत भेटलेल्या बाईशी काय बोलले ते कळलं नाही, तशीच परत आले. परत आल्यावर ते वाक्य तिथेच होतं. प्रकरण लिहायला घेतलं, त्या वाक्यापाशी पोचले आणि वहीत लिहिलं: "खंत एकच. शिक्षण पुरं करून आलो असतो, तर जास्त निर्धास्त वाजवलं असतं." समासात पानाचा आकडा घातला, एकशे बारा. अक्षर नेहमीसारखंच आलं.

रविवारी वाचताना मी वर पाहिलं नाही. ते वाक्य संपताच सरांनी मांडीवर थाप मारली.

"बगा! म्या काय म्हणलो हुतो? तुमच्याच ड्रायव्हरनं लिवलंय, भाई!"

भाईंचा चेहरा लाल झाला. "ह्यो मानूस असं बोलनारच न्हाई. ड्रायव्हरनं खोटं लिवलंय."

"आता ड्रायव्हर खोटा! आठ आठवडे तो तुमचा देव हुता."

"व्हता. आजपासनं न्हाई," भाई म्हणाले. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, बरोबर वाचलं न्हवं?"

"बरोबर वाचलं," मी म्हटलं. वहीत होतं तेच वाचलं होतं, असं मी नंतर कितीदा तरी मनाशी घोळवलं. त्यानं काही फरक पडला नाही.

तुमच्या बाबांची बोटं त्या दिवशी कशावरच वाजत नव्हती. दुपारच्या गाडीनं ते पुण्याला गेले. दिवाळीनंतर ती चार मुलं मुंबईला गेली. तुमचे बाबा गेले नाहीत. वर्ष पुरं केलं, मग पुढचंही, नोकरी लागली, परदेशी गेले, तुम्ही झालात. त्या रविवारनंतर ते कधी दुकानात आले नाहीत आणि ते पुस्तकही त्यांनी उघडलं नाही. एका वाक्यामुळे हे सगळं घडलं असं मी म्हणत नाही. घडलं नाही असंही मला म्हणता येत नाही.

वाचन संपल्यावर पुस्तक सरांनी विंझरला नेलं. चार महिन्यांनी, आमच्या घरी कधी न येणारे सर दारात उभे. चहा घेतला नाही. पिशवीतून पुस्तक काढलं. पानोपानी पेन्सिलीनं बारीक मराठी अर्थ लिहिलेले होते.

"बाई, एकशे बारा पानावर ते वाक्य न्हाई."

मी त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं.

"पयल्यांदा वाटलं माझं इंग्रजी कच्चं. डिक्शनरीत तीनदा बगितलं." ते जमिनीकडे बघत म्हणाले. "म्या कुणाला बोलणार न्हाई. पण भाईला तुमी सांगा. त्यानं त्या ड्रायव्हरला मनातनं काढून टाकलाय. माझ्या बाजूचं खोटं मला नको."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भाईंच्या दुकानात गेले आणि सरळ सांगितलं. भाई एवढ्या मोठ्यानं हसले की बाहेरचा चहावाला डोकावला.

"म्या म्हनलं न्हवतं? तसं बोलनारच न्हाई तो! एक वर्ष जास्त काढलं! हां, हे शोभतं त्याला!" त्यांनी तिथल्या तिथे एक कॅसेट लावली. "आता येऊ द्या सरांना रविवारी." मग आवाज कमी करून त्यांनी विचारलं, "पोराला सांगितलं?"

"नाही."

त्यांनी कॅसेट बंद केली. "सांगा, बाई," एवढंच म्हणाले. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. दुकानावरून जाताना मी रस्त्याची दुसरी बाजू धरू लागले.

सांगायचं मी दर वर्षी ठरवलं. परीक्षा होऊ दे, नोकरी लागू दे, लग्न होऊ दे, असं म्हणत गेले. नंतर तुम्ही झालात आणि मग मी ठरवणंही सोडलं. सुट्टीत ते आले की सगळ्यांसमोर ते वाक्य म्हणायचे, तुम्हा दोघांना अभ्यासाला बसवताना, आणि मी स्वयंपाकघरात जायचे.

काल मी त्यांना फोन केला. तिकडे सकाळ होती. सगळं सांगितलं, या पत्रात आहे तसंच. 

ते म्हणाले, "खरं काय आहे तिथे?"

मी इंग्रजीतून वाचलं.

"परत वाच."

परत वाचलं. ते जरासे हसले. "एक वर्ष जास्त." मग म्हणाले, "आई, त्या दिवशी भाईंच्या दुकानातून निघालो तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता मला स्वतः काही ठरवायला नको, असं वाटलं."

"आणि आता?"

"आता नाही सांगता येत. कामावर जायचंय."

फोन ठेवता ठेवता म्हणाले, "मुलांना तूच लिही. पूर्ण लिही." रागावले होते का ते मला आवाजावरून कळलं नाही. त्यांचा राग मला पूर्वी नुसत्या पावलांवरून कळायचा.

थोरलीनं आणखी एक विचारलं होतं, की धाकट्यानं या बँडवरचं आधी कुठलं पुस्तक वाचावं. ड्रायव्हरचं. मूळ इंग्रजीतून, कुणाच्या वहीतून नाही. पत्रकाराचं नंतर वाचा, तारखांसाठी. सर असते तर यावर माझ्याशी भांडले असते.

सर आता नाहीत. दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. भाई घरीच असतात, ऐकू कमी येतं. जाड पुस्तक वाळवीनं खाल्लं. पातळ पुस्तक माझ्याकडे आहे, सरांच्या पेन्सिलीसकट, आणि त्याचं एकशे बारावं पान जसंच्या तसं आहे.