लिटल डॉर्सेट व्हायचं राहिलं

सिडनीजवळच्या केलीव्हिलच्या उल्हास सबनीसला कुठल्याही ठिकाणाचं नाव सांगा. मजी गाव? "झालं." हंटर व्हॅली? "दोनदा झालं." कायमा? "ते तर आल्याआल्याच झालं." लहानपणी गोवर होतो, मग कांजिण्या होतात, तशी उल्हासला ठिकाणं झालेली आहेत. अकरा वर्षांत त्रेसष्ट. लॅपटॉपवर त्यांचा तक्ता आहे: घरापासूनचं अंतर, पार्किंग कसं, टॉयलेट कसं, घरचे डबे चालतात की नाही, आणि शेवटच्या रकान्यात ठळक अक्षरात 'झालं'. ठिकाण कसं होतं, याला रकाना नाही. तसं कोणी विचारलंही नव्हतं म्हणा.

नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. आठवडाभर माणूस दुसऱ्यांच्या कामावर खुणा करतो, आणि रविवारी देशावर. दोन महिन्यांतून एकदा आठ मराठी कुटुंबांची सहल काढायची, हा त्याचा मान. त्यासाठी त्याने हार्डवेअरच्या दुकानातून रस्त्यावरच्या कामगारांसारखं पिवळंजर्द जाकीट आणलं आहे. गळ्यात शिट्टी. ती वाजली, की असाल तिथून उठायचं आणि पार्किंगमध्ये यायचं. प्रत्येक ठिकाणाला चाळीस मिनिटं. समुद्र असो, गुहा असो, अल्पाकांचं फार्म असो, चाळीस म्हणजे चाळीस! मंडळी पाठीमागे त्याला 'सुभेदार' म्हणतात. पण येतात सगळे, कारण सुनेत्राच्या पुऱ्या.

सुनेत्रा त्याची बायको. ब्लॅकटाउनच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. हात इतका हलका, की सुई टोचल्याचं कळत नाही. सहलीच्या दिवशी ती पहाटे साडेचारला उठते, शंभरावर पुऱ्या तळते, आणि ठिकाणी पोचलं की गाडीची डिकी उघडून त्या वाढते. मंडळी आतून फिरून येतात, "व्वा वहिनी!" म्हणून जेवतात, शिट्टी वाजते, आणि वहिनी डबे विसळून डिकी बंद करतात. अकरा वर्षं हेच.

ठिणगी पडली ती लॅबमध्ये. तिथल्या डेबीने सहज विचारलं, "तू मजीला गेली होतीस ना? आम्ही जायचं म्हणतोय. काय बघण्यासारखं आहे?" मजी म्हणून सुनेत्राला आठवत होती ती खडी टाकलेली जागा, एक हिरवी कचरापेटी, आणि डोक्यावर झेप घेणारा एक मॅगपाय पक्षी. "पार्किंग छान आहे," ती म्हणाली. डेबी हसली. तिला तो विनोद वाटला.

गुरुवारी संध्याकाळी सुनेत्राने कणीक मळायला घेतली आणि अर्ध्यावर ठेवून दिली.

"उल्हास, मी या राज्यातली त्रेसष्ट पार्किंगं बघितली आहेत. ठिकाण एकही नाही."

"काहीतरीच! सगळ्या फोटोंत आहेस की."

"हो, गेटवरच्या पाटीसमोर. या रविवारी मला आत जायचंय. तुझ्याबरोबर. नाहीतर पुढच्या सहलीपासून तू, तुझी शिट्टी आणि तुझी माणसं. आणि पुऱ्या तूच लाट."

आधी त्याच्या डोळ्यांपुढे पुऱ्या आल्या, खोटं कशाला सांगा! पण तिचा आवाज चढलेला नव्हता. सुनेत्राचा आवाज चढला की भांडण होतं आणि मिटतं. चढला नाही, की जे बोलते ते करून दाखवते. तिने एकदा असंच शांतपणे सांगून भिशी सोडली होती, ती कायमची. पुढची सगळी वर्षं गाडीत शेजारची सीट रिकामी ठेवून हिंडायचं? "शपथ," तो म्हणाला, आणि लॅपटॉप उघडून तक्त्यात लिहूनही टाकलं: 'सुनेत्रा, आत, ४० मिनिटं.'

या खेपेचं ठिकाण होतं लिटल डॉर्सेट, बोरलच्या पुढे. कोणा हौशी म्हाताऱ्याने आपल्या आजोळच्या आठवणीने तिथे आख्खं इंग्लंडचं खेडं उभं केलं आहे: बदकांचं तळं, दगडी घरं, गुलाबांची बाग, आणि मधोमध माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या कुंपणाच्या झाडांचा भुलभुलैया. आता बघा गंमत. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचं गाव बघायचं, म्हणून आपण पुण्याहून निघून सिडनीत यायचं, तिथून दोन तास गाडी हाणायची, आणि बावीस डॉलरचं तिकीट काढायचं.

"बाबा, इट्स लिटरली फेक इंग्लंड," पंधरा वर्षांची यामिनी मागच्या सीटवरून म्हणाली.

"फेक असू दे, पण यादीत आहे," उल्हास म्हणाला.

नाट लागली ती वाटेतच. शैलेंद्रच्या गाडीतल्या मंडळींना एका बेकरीचा मोह झाला आणि पस्तीस मिनिटं गेली. सगळे पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. गेटवर पाटी: बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत. उल्हासने घड्याळ पाहिलं, माणसं मोजली, सत्तावीस, आणि त्याच्यातला सुभेदार जागा झाला.

"सुनेत्रा, असं कर ना. तू इथे डिकी उघडून मांडामांड कर. मी सगळ्यांना पटकन फिरवून आणतो. मग जेवणानंतर आपण दोघं जाऊ. वेळ उरला तर."

वेळ उरला तर! अरे, गुरुवारीच शपथ घेतलीस ना रे?

सुनेत्राने हात पुसले, डिकी बंद केली, चावीचं बटण दाबलं. गाडीचे दिवे एकदा लुकलुकले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड, चहाचा थर्मास, सगळं आत बंद. चावी पर्समध्ये, पर्स खांद्यावर. उल्हासच्या हातातून एक तिकीट ओढून घेऊन ती तरातरा निघाली. गेटवरच्या बाईने तिला तिकीट फाडून देताना आणखी काहीतरी हातात दिलं, तेही तिने पर्समध्ये टाकलं, आणि सरळ भुलभुलैयात शिरली.

"उल्हास, चावी?" शैलेंद्रने विचारलं. त्याच्या पोटात बेकरीनंतरही कावळे ओरडत होते.

"सुनेत्राकडे."

सव्वीस माणसांनी एकदम त्या हिरव्या भिंतीकडे पाहिलं. उल्हासने तिला फोन लावला. तो डिकीत वाजला.

"पाच मिनिटांत घेऊन येतो," असं म्हणून तो आत धावला.

चौथ्या वळणावर एका बाकाशी ती उभीच होती.

"चावी दे."

"देते. बाहेर गेल्यावर. चल, शोध रस्ता."

यात काय मोठंसं! उल्हासने कुठेतरी वाचलं होतं, की डावा हात भिंतीला लावून चालत राहिलं की माणूस बाहेर पडतोच. तो हात लावून निघाला. मागे सुनेत्रा, अगदी सावकाश. दहा मिनिटांनी एक बाक आला. तोच. मग त्याने उजवा हात लावला. पुन्हा तोच बाक. फोनची बॅटरीही नेमकी आत्ताच संपली. जांभळी टोपी घातलेली एक ऐंशीची आजी आपला वॉकर ढकलत समोरून गेली, दहा मिनिटांनी मागून आली, आणि थांबून म्हणाली, "स्टिल हिअर, डार्ल?" वर कुठेतरी कुकाबरा खदाखदा हसला. आता पक्ष्यानेही हसावं, म्हणजे कमाल झाली!

शेवटी उल्हासने जीव खाऊन शिट्टी फुंकली. दोनदा. कोणीतरी येईल सोडवायला.

कोण येणार? अकरा वर्षं त्यानेच शिकवलेलं. शिट्टी ऐकताच बाहेरचे पंचवीसच्या पंचवीस जण हातातलं सगळं टाकून शिस्तीत पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले.

उल्हास मटकन बाकावर बसला. सुनेत्रा शेजारी बसली.

"कायमाला तो समुद्राचा फवारा उडतो ना खडकातून," ती म्हणाली, "मी कांदा चिरत होते तेव्हा. आवाज मात्र ऐकला मी. केवढा धडाम! सगळे ओरडले. मी सुरी धरून उभी. कसा होता रे तो?"

"मस्त होता."

"मस्त म्हणजे? किती उंच? पांढरा की निळा? अंगावर आला का?"

उल्हासने आठवायला सुरुवात केली. कायमा. पार्किंग चार तास फुकट. टॉयलेट स्वच्छ. माणसं एकतीस. आणि फवारा? त्याने डोळे मिटले. एकतीस डोकी दिसली, पाठमोरी. त्याने ती दोनदा मोजली होती, कारण पहिल्यांदा तीस भरली होती. फवारा उडाला तेव्हा सगळ्यांची तोंडं समुद्राकडे होती, आणि त्याचं तोंड त्यांच्याकडे. त्याला एकाएकी फार वाईट वाटलं.

"मीसुद्धा नाही गं बघितला," तो म्हणाला.

सुनेत्राने त्याच्याकडे पाहिलं. मग तिला हसू फुटलं. इतकं, की पदर नव्हता म्हणून तिने त्याच्या पिवळ्या जाकिटाला डोळे पुसले. "म्हणजे अकरा वर्षांत कोणीच काही बघितलं नाही? अरे देवा!" तोही हसायला लागला. दोघं तिथेच बसून राहिले. झाडांच्या भिंतीत एक लहानसं घरटं होतं, ते तिने दाखवलं. एक चिमुकली निळी चिमणी येऊन जाऊन पिल्लांना भरवत होती. ती किती फेऱ्या करते, हे उल्हासने मोजलं नाही.

बऱ्याच वेळाने सुनेत्रा उठली. "मी पुढे होऊ का?" डावीकडे, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि झालं, समोर गुलाबांची बाग!

बाहेर कोणी उपाशी मेलेलं नव्हतं. पार्किंगमध्ये वाट बघून मंडळी टी-रूममध्ये गेली होती. शैलेंद्रने 'डेव्हनशायर टी' म्हणून चहा मागवला, तर सोबत स्कोन नावाचे गरम गोळे, जॅम आणि साय आली. त्याची बायको श्यामला पर्समध्ये शेंगदाण्याची चटणी बाळगते, ती तिने सायीवर भुरभुरली, आणि सगळे बोटं चाटत होते. हातात हात घालून येणाऱ्या आईबाबांकडे पाहून यामिनी उभीच राहिली.

"ओ माय गॉड. आर यू गाइज ओके?"

परतताना डिकी उघडायला सुनेत्राने पर्स त्याच्या हाती दिली. चावी काढताना एक घडी केलेला कागद वर आला. उल्हासने उलगडला. लिटल डॉर्सेटच्या भुलभुलैयाचा नकाशा. प्रत्येक वळण, प्रत्येक बाक, आणि बाहेरचा रस्ता लाल बाणांनी दाखवलेला.

"हा तुझ्याकडे होता?"

"गेटवरच दिला त्या बाईने."

"अगं, मग आपण दीड तास आत..."

"चाळीस मिनिटांत काय होतं, उल्हास?" ती म्हणाली, आणि पुऱ्यांचा डबा उचलून श्यामलाकडे वाटायला दिला.

घरी आल्यावर त्याने सवयीने तक्ता उघडला. चौसष्टावी ओळ. शेवटच्या रकान्यात 'झालं' लिहिलं, थोडा वेळ बघितलं, आणि पुसलं. मग वर जाऊन कायमाच्या ओळीतलंही पुसलं.

"सुनेत्रा," त्याने आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "शनिवारी कायमाला जाऊ. दोघंच. डबा नको."