सुनंदाच्या सरीची कलिंगडं

यंदा कलिंगडं आणायला जावं की नाही, हे ठरवण्यातच निम्मा एप्रिल गेला. सुनंदा, माझी बायको, गेल्या पावसाळ्यात वारली. तिच्या माहेरी, नेवाशाकडे, धरणाचं पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात कलिंगडं लावतात. त्यात एक सरी लग्न झालेल्या बहिणीची. ती तोडायला मी दरवर्षी सोबत जायचो. आता बहीणच नाही, तर माझं तिथं काय काम, असं वाटत होतं. रविवारी मात्र गाडीला किक मारलीच.

आमच्या नागापूरहून सकाळी लवकर निघालात तर ऊन लागत नाही. मोटारसायकलला तीनशेच्या पेट्रोलात जाऊन-येऊन होतं. घोडेगावला वडापाव खा, मिरची जपून. पुढे गोदावरीचा पूल लागतो, त्यापलीकडे दुसरा जिल्हा. आपण पुलाआधीच उजवीकडे कच्च्या रस्त्याला वळायचं.

हद्द नदीच्या मधून जाते म्हणतात. पण नदीच दर उन्हाळ्यात नव्या जागी सापडते. बाभळीखाली गाडी लावून गाळातून चालत मी नेहमीच्या जागी गेलो, तर तिथं पाणी आणि तीन बगळे.

"पाव्हनं, गेल्या सालचं रान आवंदा पान्यात हाय," वेलांत बसलेल्या एक आजी म्हणाल्या. "बगळ्यांकडं आलाय का?"

पाणी उशिरा हटल्यानं सगळ्यांची रानं काठाकडे सरकली होती. मेव्हण्याचं, दत्ताचं रान मी मघाशीच ओलांडून आलो होतो.

दत्तानं पाणी दिलं, वहिनींनी भाकरी आणि ठेचा वाढला. पलीकडच्या काठावरून होडीनं मासे विकायला आलेला एकजण आमच्या जिल्ह्याच्या रस्त्यांना नावं ठेवत होता. दत्ता त्याच्या होडीला. सरीचा विषय कोणीच काढेना. मी निघतो म्हणालो.

"आन् सरी कोन तोडनार, दाजी?" दत्ता म्हणाला. "रान आवंदा निम्मंच निघालं. पन ताईची सरी आधी लावली."

मी सरीत जाऊन तोडायला बसलो.

पोतं गाडीला बांधताना तो म्हणाला, "थंडीत लावायलाच या. म्हंजी रान कुठं हाय ते शोधत फिरायला नगं."

घरी पहिलं कलिंगड कापलं, ते फिकं निघालं. सुनंदा टिचकी मारून ओळखायची. बाकीची शेजारी वाटली, ती गोड होती म्हणे. हिवाळ्यात पाणी हटू लागलं की दत्ता फोन करणार आहे. गाळात चालायला जुने बूट काढून ठेवलेत.