सात मिस्ड कॉल आणि तुकाभाऊंचा कांदा

एकदा रागाच्या भरात मी पोटच्या पोराला सात वेळा फोन लावला आणि शेजाऱ्याचं शेत पाण्याखाली गेलं.

तेव्हा मी तरुण होते. सदुसष्टची. मालक जाऊन दोन वर्षं झालेली. येडगावच्या मळ्यात मी, एक म्हैस आणि विहिरीवरची मोटार, एवढाच काय तो गोतावळा. पोरगा अभय पुण्यात, लेक सुषमा नाशकात. दर रविवारी अकराला दोघं व्हिडिओ कॉलवर भेटत आणि मला बुधवारी कळवत!

"आई, आमचे सगळ्यांचे आयफोन आहेत," अभय म्हणाला. "तुझ्या ॲण्ड्रॉइडवर तो कॉल येत नाही गं."

(मला वाटलं, अडचण फोनचीच आहे. केवढी भोळी मी!)

मी थेट आळेफाटा गाठला. जुना फोन दुकानदाराच्या हवाली केला आणि एक वापरलेला आयफोन घेतला. "मावशी, सवय झाली की दुसरा हातात धरणार नाही," तो म्हणाला. आता दुसरा धरणार कुठून? तो तर त्याच्याच कपाटात! नव्या फोनात मागं जायचं बटण गायब. चार्जरची पिन अशी, की अख्ख्या वस्तीत तिला सोयरं नाही.

पण खरी गोम पुढंच. जुन्या फोनवर चार मोठे फोटो होते: अभय, सुषमा, शेजारचे तुकाभाऊ आणि मोटार. फोटोला बोट लावलं की फोन लागे. नावं मी घातलीच नव्हती. पोटच्या पोरांना कुणी नावावरून ओळखतं का? नव्या फोनात सिममधले चार नंबर तेवढे आले. तोंडं जुन्यातच राहिली!

"यातला अभय कुठला ओ?"

"एकेक लावून बघा की, मावशी."

(शहरातल्या वाचकांसाठी सांगते. मोटारीच्या पेटीतही सिम असतं. फोन लावायचा, एक रिंग वाजते, पेटी फोन कापते आणि मोटार चालू होते. परत लावला की बंद.)

रविवारी अकराला पावडर लावून ओट्यावर बसले. पहिला नंबर लावला.

"काय ओ काकू?" तुकाभाऊ!

"काय न्हाई. तुमी नकोय."

दुसरा कुणी उचललाच नाही. म्हणजे सुषमा. तिसरा लावला. एक रिंग... आणि कट.

हाच अभय! परत लावला. कट. परत. कट. सात वेळा आईचा फोन कापला मेल्यानं! मी फोन बाजरीच्या डब्यात कोंबला आणि म्हशीपुढं जाऊन बसले. तिला सगळं सांगितलं. ती रवंथ करत होती, पण निदान उठून तरी गेली नाही.

दोन तासांनी बांधावरून बोंब आली. "काकू! मोटार बंद करा! काढून ठिवलेला कांदा पोहतोय माझा!"

"मी चालूच केली न्हाई!"

"मंग काय कांद्यानं केली?"

डब्यातून फोन काढला. बाजरी झटकली. राहिलेला चौथा नंबर मोटारीचाच असणार म्हणून लावला.

"हॅलो, आई?"

"अगं बाई! मोटार बोलायला लागली!"

"आई, मी अभय!"

तेव्हा कुठं उजेड पडला. इतकी वर्षं त्या मोटारीशी संसार केला, तिची रीत मला पाठ. पण एका रिंगेत फोन कापणारं कोण म्हटल्यावर मला आधी पोटचा पोरगाच आठवला! आणि सात हा आकडा विषम. मोटार चालूच राहिलेली.

तुकाभाऊंनी पळत जाऊन खटका पाडला. तोवर अभयनं व्हिडिओ लावला होता. त्यात सुषमा आली, नात आर्या आली. "आई, कॅमेरा फिरव!" "आजी, तू चिखलात पडशील!" कांदा उचलून ताडपत्रीवर पसरेपर्यंत चांगला दीड तास सगळी माझ्याबरोबर होती.

"काकू, कांदा भिजवला माझा आन वर हसताय व्हय?"

"हसत न्हाई ओ भाऊ. तोंडच असं हाय माझं."

पुढच्या रविवारी परत पावडर लावून बसले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. फोन सारखेच, पिन सारखीच, पण रिंग काही येईना. बारा वाजता मी मेसेज टाकला: "मोटार बंद होत न्हाई. पाणी उंबऱ्याला लागलं."

चार मिनिटांत सगळी हजर! मग काय, पदर खोचून विहिरीभोवती मी अशी धावले, की म्हैसही बघत राहिली. हाशहुश करत, "आता कसं करू गं बाई" म्हणत पाऊण तास काढला.

शेवटी आर्या म्हणाली, "आजी, मागच्या पेटीवरचा दिवा बंद आहे. तिकडं लाइटच नाहीये का?"

"सकाळपासनं न्हाई गं," मी म्हणाले. "पण ठेवू नका फोन. येईलच एवढ्यात!"