न विचारलेले चेहरे

आमच्या घरात पुस्तकं फार नव्हती, पत्रकं होती. आई अंगणवाडी सेविका. संघटनेची पत्रकं तीच लिहायची, आणि गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे आमच्या पलंगाखाली पडलेले असायचे. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. पुढची बाजू वाचता यायला लागली तेव्हा 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला स्वतःच्या आडनावापेक्षा चांगले लिहिता येत होते.

पत्रकाच्या तळाशी नावं असायची, आणि त्या नावांच्या बाबतीत आई फार कडक होती. ज्याचं नाव टाकायचं त्याच्या घरी जायचं, पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचं आणि मग विचारायचं. निरोपावर नाव घ्यायचं नाही, फोनवर तर नाहीच. "टाकून द्या न बाई, आमचं काय जाते," असं कोणी म्हटलं तरी ती ओट्यावर बसून वाचून दाखवायची. एकदा एका सेविकेने पत्रक छापून आल्यावर नाव मागे घेतलं. आईने तिला एका शब्दाने विचारलं नाही. आम्ही दोघींनी बसून प्रत्येक कागदावरचं ते नाव पेनाने खोडलं. माझी बोटं दुखली तेव्हा मी चिडून म्हटलं, "एक नाव राह्यलं तर काय होते?" आई म्हणाली, "तिले विचार काय होते ते."

हे सगळं ऐकत वाढलेली मी पुढे मेहकरला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर म्हणून लागले.

फ्लेक्स म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. वाढदिवस, निवड, बारसं, तेरवी, सप्ताह, सगळ्याचा फ्लेक्स लागतो. वर एक मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगा. खालच्या त्या छोट्या चेहऱ्यांसाठीच माणसं फ्लेक्सखाली थांबतात आणि आपला चेहरा बोटाने शोधतात. खाली कोणाला टाकायचं हे कोणी कोणाला विचारत नाही. उलट ज्याचा फोटो राहिला तो भांडायला येतो. "गावातले समदे टाका" एवढं सांगून गिऱ्हाईक चहा प्यायला निघून जातं.

सुरुवातीला हे चेहरे मी हाताने कापायचे. फोटो मोठा करायचा, कानामागून, केसांच्या कडेने, टोपीच्या टोकावरून एकेक बिंदू देत जायचं. लग्नातला फोटो असेल तर खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा हात असायचा, तो काढायचा. एका चेहऱ्याला पंधरा-वीस मिनिटं सहज जायची. चाळीस चेहरे म्हणजे दीड दिवस. डोळ्यांतून पाणी यायचं, मान आखडायची. पण त्या दीड दिवसात चाळीस माणसं माझ्या ओळखीची होऊन जायची. कोणाचा कान फाटलेला, कोणाच्या दाढीत पांढरा ठिपका. रस्त्यात माणूस दिसला की मला आधी त्याच्या कानाची कड आठवायची.

मग दुकानात एआय आलं. मालक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, ते सुरुवातीला बिचकत होते. शिकून घेतलं मी, आणि त्यांना शिकवलंही मीच. हे लपवण्यात अर्थ नाही. मला ते आवडलं. गठ्ठ्याने फोटो टाकायचे, काय हवं ते मराठीत लिहायचं, आणि चहाचा कप रिकामा व्हायच्या आत चेहरे कापून, उजळून, एका मापाचे होऊन रांगेत उभे. अंधारातला फोटो उन्हातला होतो. धूसर फोटोतले डोळे स्पष्ट होतात. ज्याच्या डोक्यावर काही नाही त्याला फेटा येतो. मान दुखायची थांबली. दुपारचं जेवण दुपारी व्हायला लागलं. उरलेल्या वेळात मी अक्षरांचे नवे प्रकार करून पाहिले, रंगांवर विचार केला, पहिल्यांदा मला डिझायनर असल्यासारखं वाटलं. दादा कौतुकाने म्हणायचे, "पोरीनं मशीनले माणूस बनवलं." मला तेव्हा हे वाक्य छान वाटलं होतं.

त्या दिवसांत जानेफळकडच्या एका गावातला माणूस दुकानात आला. गावाशेजारच्या टेकडीवर गिट्टीची खदान आणि दगड फोडून खडी करायचा क्रशर येणार होता, आणि हा क्रशरच्या मालकाचा गावातला माणूस. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा होती, तिथे ना हरकतीचा ठराव घ्यायचा होता. त्याआधी त्याला फ्लेक्स हवा होता, 'समस्त गावकऱ्यांचा जाहीर पाठिंबा'.

"फोटो?" मी विचारलं.

"तुमच्याकडंच हायेत न ताई. मागच्या वर्सी सप्त्याचं बॅनर तुम्हीच केलतं. अन्नदान करणारे समदे होते त्याच्यावर. तेच उचला."

"विचारलं ना सगळ्यांले?"

"हो हो, विचारलं."

तो मोबाईलमध्ये बघत 'हो हो' म्हणाला. मी ते पाहिलं. आईने असं उत्तर घेतलं नसतं. मी घेतलं. जुनी फाईल उघडली, चेहरे आणि त्यांच्या खालची नावं उचलायला सांगितली, सगळ्यांना एकसारखा उजेड आणि भगवा फेटा, बायकांच्या डोक्यावर नीट पदर, प्रसन्न भाव. चार मिनिटं लागली असतील. मी मोठ्या अक्षरांच्या सावलीवर मात्र अर्धा तास घालवला. चेहरे एकेक करून पाहिले नाहीत. पाहायचं काही उरलंच नव्हतं, सगळे व्यवस्थित होते.

दोन दिवसांनी रात्रीचं जेवताना आईचा फोन वाजला. ती ऐकत राहिली, आणि माझ्याकडे बघत राहिली. फोन ठेवून तिने एवढंच विचारलं, "त्या गावचं बॅनर तू केलं का?"

फोन मावशीचा होता. सख्खी नव्हे. आईची संघटनेतली मैत्रीण, त्याच गावातली अंगणवाडी मदतनीस. टेकडीच्या पायथ्याला तिचा भाजीचा मळा आणि विहीर. मेथी, वांगी, कोथिंबीर घेऊन ती मेहकरच्या बाजाराला यायची आणि मला पिशवीभर भाजी दुकानात ठेवून जायची. मागच्या वर्षी सप्त्याच्या पंगतीला तिने वांगी दिली होती, म्हणून त्या फ्लेक्सवर तिचा चेहरा होता. आणि खदानीच्या विरोधात गेला महिनाभर दारोदार सह्या गोळा करणारी तीच होती. सुरुंग लागले की विहिरीच्या झिऱ्यांचं काय होईल आणि पिकावर धूळ कशी बसेल हे ती आईसारखीच ओट्यावर बसून समजावून सांगत होती. यातलं मला काही माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

आता तीच मावशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, दुसऱ्या रांगेत, हसत, पाठिंबा देत उभी होती.

सकाळी मी गावात गेले. मावशी मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ये व. बस. तू नाई केलं तं दुसऱ्या कोणी केलं असतं." मग पुढची जुडी उचलत म्हणाली, "पण तू केलं." आदल्या दिवशी ती तीन घरी गेली होती. पहिल्या घरच्या म्हाताऱ्याने सही केली नाही. दुसऱ्या घरी बाई म्हणाली, "तुम्ही तं बॅनरवर हायेत, मंग आम्हाले काऊन भडकावून राह्यल्या?" तिसऱ्या घरी दार उघडलं नाही, आतून टीव्हीचा आवाज येत होता.

"किती पैसे घेतले मावशीनं, असं इचारलं एकानं," ती म्हणाली. जुडीची गाठ तिने दातांनी ओढली.

ग्रामपंचायतीसमोर उभं राहून मी माझं काम पाहिलं. मावशीच्या कपाळावर हिरवं गोंदण आहे, उन्हाने गालावर डाग पडलेत. यंत्राने गोंदणही डाग समजून सगळं पुसलं होतं. पदर कलाबतूचा होता. ही बाई मी रस्त्यात ओळखली नसती. खाली नाव नसतं तर कोणीच ओळखली नसती.

मी ठरवलं की ग्रामसभेत उभं राहून सांगायचं. आईने पत्रक लिहायला घेतलं, मी म्हटलं, नको, मीच बोलते.

सभा चार दिवसांनी, सकाळी मारुतीच्या देवळात होती. फ्लेक्स तिथेच आणून दोन खांबांना बांधला होता. ग्रामसेवकाने ठराव वाचायला घेतला तशी मी उभी राहिले. म्हटलं, हा फ्लेक्स मी केला आहे. हे चेहरे सप्त्याच्या बॅनरवरून उचलले आहेत. यातल्या एकालाही मी विचारलेलं नाही. हा पाठिंबा खोटा आहे.

मग क्रशरचा तो माणूस हसला. "ताई, त्या दिवशी कंप्युटरवर खोटं केलं म्हणता. मंग आज खरं बोलून राह्यल्या हे कशावरून? तुम्हाले कोणी पाठवलं ते सांगा न आधी."

लोक हसले.

तेव्हा मावशी उठली. ती फ्लेक्सजवळ गेली आणि पहिल्या रांगेतल्या पहिल्या चेहऱ्यावर बोट ठेवून समोर बसलेल्या त्याच माणसाला म्हणाली, "तुले विचारलं होतं का रे?"

"नाई."

"अन् तुले?"

"नाई वहिनी."

रांगेतल्या एकेकाला तिने विचारलं. कोणीही खोटं बोललं नाही. नाई, नाई, मले तं माहीतबी नोतं. माझ्या छातीवरचं ओझं उतरत चाललं होतं. मावशी वळली. "मंग उतरवा हे. ज्यायले विचारलं नाई त्यायनं हात वर करा."

हात वर झाले, पण पाच-सहाच. बाकीचे फ्लेक्सकडे बघत होते. मावशीने नाव घेऊन एकाला विचारलं, "तुह्या हाताले काय झालं बे?"

तो ओशाळून म्हणाला, "राहू दे न वहिनी. फोटो चांगला आला हाये."

मला वाटलं लोक हसतील. कोणी हसलं नाही. मागून एक जण म्हणाला, "खरं हाये. माझा असा फोटो कधी निघालाच नाई." एका सुनेने सासूला कोपराने ढोसून तिचा चेहरा दाखवला, आणि ती सासू, जिने मघाशी 'मले नाई विचारलं' म्हणून सांगितलं होतं, ती पदर तोंडाला लावून बघत राहिली. तिच्या गालावरचे देवीचे व्रण गेले होते. जन्मभर कोणी तिला तशी पाहिली नसेल. ती हात वर करणार नाही हे मला तेव्हाच कळलं. मी शत्रूच्या हातात धमकी दिली नव्हती, पैसा दिला नव्हता. मी फक्त प्रत्येकाला थोडं सुंदर केलं होतं.

ठराव झाला. ग्रामसेवकाने 'बहुमताने' असं लिहिलं. बाहेर पडताना मघाचा तो ओशाळलेला माणूस माझ्या मागे आला. "ताई, रागावू नका. माझा तेवढा फोटो मोबाईलवर पाठवान का? मोठा करून घरात लावतो."

मावशी देवळाच्या पायरीवर चप्पल शोधत होती. म्हणाली, "मले तेवढं काढ त्याच्यातून. बाकी काई मागत नाई. पण माही जागा खाली ठेव. लोकायले दिसू दे, इथं कोणीतरी होतं म्हणून."

क्रशरवाल्याला भूमिपूजनासाठी तोच फ्लेक्स मोठा करून हवाच होता. मी दुकानात जाऊन मावशीचा चेहरा काढला. काढताच दुसरी रांग सरकली, बाकीचे चेहरे केसभर मोठे झाले आणि फट बुजली. मी ते रद्द केलं, पुन्हा काढला, पुन्हा बुजली. लिहून सांगितलं, जागा रिकामी ठेव. तिथे झेंडूचं फूल आलं. शेवटी सगळं बंद करून मी जुन्या पद्धतीने बिंदू देत बसले आणि दुसऱ्या रांगेत एक पांढरा चौकोन ठेवला. त्याला तास गेला.

दादा मागे येऊन उभे राहिले. "हे काय?"

मी सांगितलं.

ते रागावले नाहीत, त्यांचा स्वभाव रागवायचा नाही. "अशानं दुकान चालते का बाई," म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून वाकून, मीच शिकवलं होतं तसं, त्यांनी चौकोन निवडला आणि दोन शब्द लिहिले. त्या जागी एक बाई आली. पन्नाशीची, डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू, प्रसन्न. दादांनी तिच्या खाली 'समस्त महिला मंडळ' असं टाकलं आणि फाईल खामगावला छापायला पाठवून दिली. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात गेले नाही. त्याने काही थांबलं नाही.

भूमिपूजनाच्या दिवशी मी आणि आई मावशीकडे गेलो होतो. ती आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. टेकडीच्या पायथ्याला तो फ्लेक्स उभा होता आणि त्याच्याखाली दोन बायका डोक्यावर पाटी घेऊन थांबल्या होत्या.

"ही कोण व?" एकीने दुसऱ्या रांगेकडे मान वर करून विचारलं.

दुसरीने डोळे बारीक करून पाहिलं. मावशी तिच्यापासून चार पावलांवर उभी होती.

"वरच्या आळीतली असन," ती म्हणाली. "पाहिल्यासारखी वाटते."